शिध्याच्या ट्रकचा लाल दिवा

आमच्या तोर्फीला एक खोड आहे. जे तोंडावर बोलायचं ते तो कागदावर लिहितो, कागद भिंतीला टाचतो आणि पळून जातो. तोर्फी म्हणजे माझा जावई, दाग्नीचा नवरा. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, लाल दाढी, आणि गेली तीन वर्षं आमच्या दरीचा डोंगरराजा. उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या सप्टेंबरात गोळा करून खाली आणायच्या असतात. बावीस माणसं, चाळीस घोडे, चार दिवस. त्या चार दिवसांत डोंगरराजा म्हणेल तसं. त्याने चिखलात बसा म्हटलं तर आमचे पाद्रीसुद्धा बसतात, आणि एकदा बसलेही होते.

तर त्या रविवारी हा राजा माझ्याकडे आला, तीन कप कॉफी प्याला, रुबार्बच्या केकचे तीन तुकडे खाल्ले आणि जाताना म्हणाला, "गुडघा कसा आहे, सासूबाई?" अकरा वर्षांच्या संसारात त्याने माझ्या गुडघ्याची चौकशी कधी केली नव्हती. मला तिथेच संशय यायला हवा होता. पण कौतुक वाटलं. म्हातारपणी माणूस कशानेही फसतं.

सोमवारी दुकानात पीठ आणायला गेले, तर फळ्यावर यादी. कोणी कुठल्या खोऱ्यात जायचं, कोणाचे घोडे, सगळं नीट मांडलेलं. आणि अगदी तळाला, 'शिध्याची गाडी' या शब्दांपुढे, जिथे एकतीस वर्षं 'स्वानबोर्ग' असं माझं नाव असतं, तिथे लिहिलं होतं, 'भाड्याची मिनीबस. ब्रेड आणि चीज.'

ब्रेड आणि चीज! दिवसभर गारठ्यात मेंढ्यांमागे धावून आलेल्या माणसाला! अहो, रुग्णालयातसुद्धा याहून बरं देतात.

मी पीठ तिथेच काउंटरवर ठेवलं आणि दुकानाच्याच फोनवरून त्याला गाठलं. दुकानातल्या सगळ्यांनी बिस्किटांच्या कपाटात फार लक्ष घातलं.

"तोर्फी, फळ्यावर माझं नाव नाही."

"हां... सासूबाई... ते काय आहे, तुमच्या ट्रकचा तेलाचा लाल दिवा लागतो ना."

"तो मागच्या वर्षीही लागत होता."

"तेव्हा लुकलुकत होता. आता लागलेलाच असतो. वर नदीपाशी इंजिन बसलं तर बावीस माणसं उपाशी राहतील. आणि मी काय म्हणतो, तुम्हालाही आता जरा विश्रांती..."

विश्रांती! हा शब्द लोक फुलं घेऊन येतात तेव्हा वापरतात. आणि फुलं कुठे आणतात ते मला सांगायला नको.

"दिवा विझला तर?"

"विझला तर काय, प्रश्नच नाही. पण..."

"पण नको. तेलाचा दाब नीट झाला आणि तपासणीचा शिक्का लागला, तर शिध्याची गाडी माझी. हो की नाही?"

"हो, पण शुक्रवारी पहाटे निघायचंय, सासूबाई. आज सोमवार."

"वार मला येतात," मी म्हटलं. "शाळेत तेवढ्यापर्यंत गेले होते."

आता ट्रकबद्दल दोन शब्द. तो माझ्या नवऱ्याने, हाल्फदानने घेतला तेव्हा साधासुधा होता. मग आमच्याकडचे पुरुष ट्रकला जे करतात ते त्याने केलं. चाकं माझ्या छातीपर्यंत येतील एवढी मोठी बसवली, ती मावावीत म्हणून बॉडी उचलली, बॉडी उचलली म्हणून चढायला शिडी लावली. हाल्फदान गेला, ट्रक राहिला. दोन वर्षांपूर्वी जुनं इंजिन दमलं, तेव्हा तोर्फीने मोडीत निघालेल्या एका शाळेच्या बसचं इंजिन आणून त्यात बसवलं. ते पुढच्या आसावर टेकायला लागलं म्हणून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर कापून नव्या आकाराचं केलं. अकरा दिवस चाललं होतं ते काम. अकरा दिवस राजेसाहेब माझ्याकडे जेवत होते, आणि त्यानंतर वर्षभर दरीतला प्रत्येक माणूस त्या इंजिनाची कथा ऐकत होता.

त्या इंजिनात दिवा लागतो म्हणजे काय, तर तळच्या चेंबरमधलं तेल पंपाने वर ओढलं जातं आणि सगळीकडे फिरतं. दाब कमी झाला की तेल पोचत नाही, आणि तेल पोचलं नाही की लोखंड लोखंडाला खातं. एवढं मला कळतं. पुढचं कळायला मी सोमवारी संध्याकाळी गरम कुंडात गेले.

आमच्या गावच्या तलावाशेजारी गरम पाण्याचं कुंड आहे. सगळं गाव तिथे गळ्यापर्यंत बुडून बसतं आणि दुसऱ्यांचे प्रश्न सोडवतं. माणसाच्या अंगावर फक्त पोहण्याचे कपडे असले की त्याला सगळ्या विषयांतलं कळायला लागतं.

"बेअरिंगं गेली," केतिल म्हणाला. केतिल म्हणजे माझा शेजारी. चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर इंजिनं सांभाळली, आता अठ्ठ्याहत्तरीत माझं कुंपण सांभाळतो. "माझं ऐक स्वानबोर्ग, बेअरिंगं गेली. नवं इंजिन घाल नाहीतर आशा सोड."

"काही गेलेलं नाही," विल्बोर्ग म्हणाली. ती पलीकडच्या शेतावरची, माझी बालमैत्रीण. तिच्या नवऱ्याने एकदा गाडी घेतली होती, एवढाच तिचा या विषयाशी संबंध. "जाड तेल घाल. माझ्या नणंदेचा दिवा जाड तेलाने विझला."

"नणंदेची गाडी कुठे आहे आता?"

"विकली. पण दिवा विझला होता ना!"

पाद्री डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, देव प्रत्येक यंत्राला ठरावीक वर्षं देतो. मी म्हटलं, या यंत्राला वर्षं तोर्फीने दिली आहेत, देवाने नाही. त्यावर त्यांनी हनुवटीही पाण्याखाली घेतली.

मंगळवारी सकाळी मी जाड तेल आणि नवा फिल्टर घेऊन कामाला लागले. आमच्या ट्रकची एक गोष्ट चांगली आहे, त्याच्याखाली झोपावं लागत नाही. दूध काढायचं स्टूल घेऊन मी खाली आरामात बसते, जशी गाईखाली बसत होते. जुनं तेल काढलं, फिल्टर फिरवून काढला, नवा बसवला, तेल भरलं. विल्बोर्ग सल्ला द्यायला नवा स्वेटर घालून आली होती. पांढरा. सबंध हिवाळाभर विणलेला.

"आता चालू कर," ती बोनेटपाशी वाकून म्हणाली. "मी बघते."

मी किल्ली फिरवली आणि तिने बघितलं.

झालं होतं असं की जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि मी नवा फिल्टर त्या रिंगेवरच आवळला होता. दोन रिंगा एकावर एक धरत नाहीत. तेलाची एक सुरेख कमान उठली, विल्बोर्गच्या छातीवर पडली, तिथून दोरीवरच्या माझ्या तीन चादरींवर गेली आणि उरलेली कुत्र्याने घेतली. तो तेव्हापासून ट्रककडे बघून गुरगुरतो.

"दाब तर भरपूर दिसतोय," विल्बोर्ग म्हणाली. मैत्रीण असावी तर अशी.

रिंग काढली, पुन्हा फिल्टर, पुन्हा तेल. या खेपेला दिवा विझला. खरोखर विझला! मी शिट्टी वाजवत तपासणीला निघाले. तालुक्याच्या गावी दुपारी तीनचीच वेळ मिळाली होती आणि रस्ता होता सत्तर किलोमीटरचा. पंधराव्या किलोमीटरला दिवा पुन्हा लागला. मग मी दर पंधरा किलोमीटरला थांबायला लागले. थांबून इंजिन बंद करायचं, थर्मासमधली कॉफी प्यायची, पुन्हा चालू करायचं. दर वेळी दिवा विझलेला असायचा. तेव्हा मला वाटलं ट्रकलाही कॉफीचा वास आवडतो. ही गोष्ट किती महत्त्वाची होती ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तपासणीवाल्या माणसाच्या हातात पाटी होती आणि चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"बाई, कागदात पेट्रोलचं इंजिन आहे. हे डिझेल आहे."

"हो. बदललंय."

"बदल केल्याचा फॉर्म?"

"फॉर्म कसला? इंजिन बदललं की आवाज बदलतो. ऐकू येतंय की."

"ज्याने बदललं त्याची सही लागते. कोणी केलं?"

"डोंगरराजाने."

त्याने पाटीवर काहीतरी शोधलं. "या नावाचं गॅरेज आमच्या यादीत नाही."

"गॅरेज नाही हो, माणूस आहे. जावई आहे माझा."

"मग त्याची सही आणा. आणि तेलाचा दिवाही लागलाय." त्याने नंबराच्या पाटीवर एक हिरवा चिकटकागद लावला. त्याचा अर्थ, सुधारून पुन्हा आणा. "आठवडाभरात आलात तरी चालेल."

"शुक्रवारी मेंढ्या निघतात."

"मग गुरुवारी या," तो म्हणाला. पहिल्यांदाच माणसासारखं बोलला. त्याच्याही मेंढ्या डोंगरात असणार.

बुधवारी सकाळी केतिल आला. काखेत टिनाचा डबा होता आणि डब्यात बोटीवरचं पितळी गेज. "दिव्यावर विश्वास ठेवू नये," तो म्हणाला. "दिवा फक्त हो आणि नाही म्हणतो. नक्की किती ते काटा सांगतो." इंजिनाला जिथे दिव्याची वायर लागलेली असते तिथला छोटा स्विच त्याने पान्याने काढला, डब्यातले चार-पाच पितळी जोड लावून बघितले, एक बसला, आणि त्यावर गेज घट्ट केलं.

इंजिन चालू केलं. काटा चारवर.

"बघ!" मी म्हटलं.

"थांब. रेस कर."

मी पाय दाबून धरला. पाच मिनिटं काटा चारवर होता. मग तीन. मग दोन. दहाव्या मिनिटाला एकच्याही खाली गेला आणि लाल दिवा लागायचा तिथे केतिलचा चेहरा लागला. "बंद कर, बंद कर! बेअरिंगं. मी म्हटलं होतं. गरम झालं की तेल पातळ होतं, झिजलेल्या बेअरिंगातून निसटतं. संपलं, स्वानबोर्ग."

आम्ही आत गेलो. कॉफी केली. मी खिडकीतून ट्रककडे बघत होते आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ट्रकसाठी नाही. एकतीस वर्षं मी वर डोंगरातल्या झोपडीत चूल पेटवली आहे. डोंगरावरून खाली येणारा प्रत्येक माणूस आधी माझ्या धुराकडे बघतो. तो धूर नसेल तर मी दरीत कोण? एक म्हातारी, जिच्या गुडघ्याची लोक चौकशी करतात.

अर्ध्या तासाने केतिल गेज काढून न्यायला उठला. मी म्हटलं, जाता जाता एकदा चालू करून बघू. काटा चारवर.

"केतिल, इंजिन अजून गरम आहे?"

त्याने हात लावला आणि झटक्यात काढला. "चांगलंच."

"तेल अजून पातळ?"

"हो, म्हणजे... हो."

"मग आपण कॉफी पीत होतो तेवढ्यात तुझी बेअरिंगं बरी झाली का?"

केतिलने काट्यावर टिचकी मारली, पण काटा चारवरच राहिला. 

माझ्या डोक्यात लहानपणचा गोठा आला होता. दूध गाळायची आमची चाळणी होती. पहिली बादली भुरकन जायची. मग गाईचे केस, गवताच्या काड्या जाळीला बसायच्या आणि धार बारीक होत जायची. ओतणं थांबवून चाळणी जरा हलवली की केस बाजूला व्हायचे, पुन्हा भुरकन. मी ते काम आठव्या वर्षापासून केलंय, शाळा सोडून केलंय, त्यामुळे त्या विषयात माझं शिक्षण पुरं झालेलं आहे.

"पंप तेल ओढतो ते कशातून?" मी विचारलं.

"चेंबरच्या तळाशी नळी असते. तिच्या तोंडाला जाळी..." आणि केतिल थांबला. "स्वानबोर्ग. जाळी."

"इंजिन चालू असलं की पंप ओढतो आणि जाळीला काहीतरी जाऊन चिकटतं. बंद केलं की ते सुटून तळाशी बसतं. काढ चेंबर."

"समोरचा आस आडवा येतो!"

"मग ट्रक उचल."

ट्रॅक्टरच्या फावड्याने ट्रकचं नाक उचललं, खाली समुद्राने किनाऱ्यावर टाकलेले जाड ओंडके रचले, पुढची चाकं लोंबायला लागली आणि चेंबर निघेल एवढी जागा झाली. मी स्टुलावर, केतिल पालथ्या बादलीवर. त्याच्या पाठीतून आणि बोल्टांतून सारखाच आवाज येत होता. चोविसावा बोल्ट निघाला, चेंबर माझ्या मांडीवर आलं, आणि वर नळीच्या तोंडाशी जे दिसलं ते बघून मी इतकी हसले की स्टुलावरून खाली आले.

जाळीवर लोकरीची टोपी होती. गरम तेलात दोन वर्षं मळून मळून घट्ट झालेली, घोंगडीसारखी जाड, अर्धी सुटून लोंबणारी.

आमच्याकडे पुरुष यंत्र उघडतात तेव्हा उघड्या भोकांत लोकरीचे बोळे कोंबतात, धूळ पडू नये म्हणून. फडकं शोधायला घरात जावं लागतं, लोकर मेंढीवरच असते. काम झालं की बोळे मोजून काढायचे असतात. कोणीतरी मोजायला विसरलं होतं.

मी ती लोकर बादलीत पाच वेळा साबणाने धुतली. पाचव्या पाण्याला तिचा रंग आला. तपकिरी, टोकाला जरा तांबूस. माझ्या सगळ्या मेंढ्या पांढऱ्या आहेत. केतिलकडे मेंढ्याच नाहीत. या दरीत तपकिरी कळप एकाच माणसाचा आहे, आणि त्याला त्याचा भारी अभिमान आहे.

जाळी साफ केली, चेंबर लावलं, आता नेहमीचं तेल घातलं. अर्धा तास रेस केली. काटा चारवरून साडेतीनवर आला आणि तिथे असा उभा राहिला की जणू कोणी खिळा मारला.

संध्याकाळी समाजमंदिरात मेंढ्या गोळा करणारे सगळे जमले होते, घोडे वाटून घ्यायला. मी ट्रक दारात चालूच ठेवला, आत गेले आणि तोर्फीसमोर झाकलेली बशी ठेवली.

"अरे वा, सासूबाई!" त्याने हात चोळले आणि झाकण उचललं.

सगळे वाकून बघायला लागले. इथे लोकर बघून कळप सांगता येत नाही असा माणूस नाही. पाद्री तर बोट लावून म्हणाले, "ही तुझ्या शिंगवाल्या मेंढीची का रे, तोर्फी?"

"कुठे मिळाली?" तोर्फीने विचारलं. त्याचा आवाज पार गोठ्यातून आल्यासारखा होता.

"तेलाच्या जाळीवर," केतिल म्हणाला. "तुझ्या इंजिनात. दाब आता साडेतीन आहे, बाहेर जाऊन बघ."

तोर्फीचे कान दाढीच्या रंगाचे झाले. मी फॉर्म त्याच्यापुढे ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि त्याने सही करेपर्यंत एक अक्षर बोलले नाही. ते मला किती जड गेलं ते माझं मला माहीत.

गुरुवारी तपासणीवाल्याने फॉर्म वाचला, दिवा बघितला, हिरवा कागद खरवडून काढला आणि शिक्का लावला. "राजाची सही आहे म्हणजे काय," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर अखेर काहीतरी उगवलं.

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. भाड्याची मिनीबसही आली होती, पैसे दिलेले होते म्हणून. ती पहिल्या नदीपर्यंत आली, तिने पाण्याकडे बघितलं आणि ब्रेड-चीजसकट परत गेली. माझा ट्रक तीन नद्या ओलांडून, बर्फाच्या जुन्या पट्ट्यावरून, खिंडीच्या उभ्या चढावर नाक आभाळाकडे करून वर गेला. मी चढ बघत नव्हते. केतिलने गेज पुन्हा बसवलं होतं, लांब नळी जोडून माझ्यासमोर, आणि मी काट्याकडे बघत मोठमोठ्याने गात होते. मला गाता येत नाही. मेंढ्यांनी तक्रार केली नाही.

दुपारपर्यंत झोपडीतून धूर निघाला. संध्याकाळी माणसं उतरायला लागली, दोघं-तिघं, भिजलेली, ओठ निळे पडलेली, आणि दारात येऊन कोकराच्या सुपाचा वास घेऊन नुसती उभी राहत होती. मी वाढत होते. धुरावलेलं मटण, बटाटे, सूप, पुन्हा सूप. एकवीस माणसं जेवली. डोंगरराजा सगळ्यांच्या शेवटी येतो, डोंगरात कोणी मागे राहिलं नाही ना ते बघून. तोर्फी आला, दारात वाकला, टोपीतून पाणी निथळत होतं. त्याने वाडगा पुढे केला, पण माझ्याकडे बघेना.

मी वाडगा काठोकाठ भरला, पण हातातून सोडला नाही.

"तोर्फी," मी म्हटलं, "इंजिनात बोळा राहिला ती चूक. चुकीसाठी मी आजवर कोणाला उपाशी ठेवलेलं नाही. पण वादळात बावीस माणसांना नुसतं ओरडून वळवणारा तू, आणि एका म्हातारीशी दोन वाक्यं बोलायची वेळ आली तर दुकानाच्या फळ्यामागे लपलास. राजा म्हणून मी तुला मानते, तू म्हणशील तेव्हा चिखलात बसेन. पण सासूपुढे तू भित्रा आहेस, आणि हे सगळ्यांदेखत सांगते आहे, कारण मला लिहून लावायची सवय नाही. पुढे कधी मला काढायचं असेल तर असंच समोर उभं राहायचं, माझ्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, स्वानबोर्ग, तुम्ही येऊ नका. जमेल? नाही ना? मग बस, आणि गरम आहे तोवर खा."